बुजरं मूल आणि पहिली परदेशी सहल : नाशिकहून सिंगापूर, शाळेबरोबर

शाळेची सहल सिंगापूरला जाणार म्हटल्यावर वर्गातली निम्मी मुलं नाचत घरी येतात. बुजरं मूल सूचनापत्र दप्तरातच ठेवतं आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री बाहेर काढतं. विचारलं तर "बघू", "तुम्ही म्हणाल तसं". अशा वेळी "अरे, केवढी संधी आहे" हे वाक्य काही कामाचं नसतं. त्याऐवजी एक कोरा कागद द्या आणि कशाकशाची धास्ती वाटते ते त्यालाच लिहू द्या. विमान पडेल हे त्या यादीत सहसा नसतंच. असतं ते असं : खोलीत माझ्याबरोबर कोण असेल, रात्री झोप नाही लागली तर, जेवण घशाखाली नाही उतरलं तर, इंग्रजीत कुणी विचारलं आणि बोलता नाही आलं तर, संडासात पाणी नसलं तर, मी मागे राहिलो तर.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट नाशिकमध्येच आधी करून बघता येते, आणि एकदा हाताखालून गेली की तिची धास्ती निम्म्यावर येते. उदाहरण सिंगापूरचं घेतलं आहे, कारण मुंबईहून साडेपाच तासांच्या आसपास थेट विमान आहे आणि शाळांची पहिली सहल बऱ्याचदा तिथेच जाते. दुबई किंवा थायलंड असेल तर व्हिसाचे नियम बदलतील, बाकी तयारी तीच.

होकार कळवण्याआधी

माहितीपत्रकात सेंटोसा, नाइट सफारी ही नावं ठळक असतात. पालकाला हवं ते मात्र तिथे नसतं. शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून विचारा : किती मुलांमागे एक शिक्षक? आकडा दहा-बाराच्या वर गेला तर का, तेही विचारा. मुलींबरोबर शिक्षिका किती, आणि रात्री त्या मुलींच्याच मजल्यावर असतील का? एखादं मूल तापाने झोपलं तर हॉटेलात त्याच्याजवळ कोण थांबणार? विम्याची प्रत पालकांना मिळणार का? व्हिसा नाकारला गेला किंवा मूल ऐनवेळी आजारी पडलं तर किती पैसे परत? उत्तरं कागदावर घ्या. सहल कंपनीच्या पावतीवर टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या पैशांबरोबर आधीच घेतला जाणारा कर, वेगळा दाखवलेला असतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून पॅन कमावत्या पालकाचा द्या.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न खोलीचा, आणि तोच कुणी विचारत नाही. हॉटेलात बहुधा दोघं किंवा तिघं एका खोलीत असतात. दोन जिवलग मित्र आणि तिसरं बुजरं मूल ही सर्वांत वाईट जुळणी. ते दोघं मध्यरात्रीपर्यंत खिदळतात, तिसरा भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि सकाळी कुणाशी बोलत नाही. दोघांची खोली मागा, आणि त्यात मुलाने स्वतः सांगितलेला एक तरी सोबती असू दे. महिनाभर आधी सांगितलं तर शिक्षकांना हे सहज जमतं. विमानतळावर सांगितलं तर याद्या छापून झालेल्या असतात.

त्याच भेटीत तब्येतीचंही खरं सांगा. दमा, फिट येणं, झोपेत चालणं, अधूनमधून अंथरूण ओलं होणं यातलं काहीही असेल तर एका शिक्षकाला एकट्यात सांगा. लाजेपोटी लपवलेली गोष्टच परदेशात रात्री दोन वाजता सगळ्या मजल्याला कळते.

पासपोर्ट आणि नावाचा घोळ

पासपोर्टचं काम निघण्याच्या तीन महिने आधी सुरू करा. अर्ज आणि वेळ दोन्ही पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर मिळतात. नाशिकमध्येच सेवा केंद्र असल्याने त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. 18 वर्षांखालच्या मुलाच्या 36 पानी पासपोर्टचं शुल्क 1,000 रुपये, तत्काळ हवा असेल तर वर 2,000. तो 5 वर्षं किंवा वयाची 18 वर्षं पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. मूल 15 वर्षांचं झालं असेल तर 1,500 रुपये भरून 10 वर्षांचा पासपोर्ट घेता येतो, आणि घ्यावाच. नाहीतर बारावीनंतर पुन्हा हाच खटाटोप. दोन्ही पालकांच्या सह्यांचं परिशिष्ट ड, जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि पालकांचे पासपोर्ट असतील तर ते, एवढं सगळं मूळ प्रतींसह न्या. मूल स्वतः हजर लागतं. फोटो तिथेच काढतात, म्हणून पांढरा शर्ट घालू नका, मागची भिंत पांढरी असते.

आधीचा पासपोर्ट असेल तर सिंगापूरला पोचण्याच्या दिवसापासून तो किमान 6 महिने चालू असला पाहिजे. तारीख आजच बघा.

सही हा एक छोटा पण नडणारा मुद्दा. आठवी-नववीतल्या मुलाने आयुष्यात कधी सही केलेली नसते. पासपोर्टवर एक, व्हिसा अर्जावर दुसरी, असं व्हायला नको म्हणून आधी आठवडाभर एकच सोपी सही गिरवून घ्या.

आता नाव. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आपल्याकडे साधारण आडनाव एका रकान्यात आणि मुलाचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असतं. शाळा हजेरीपटाप्रमाणे यादी पाठवते, तिकीट काढणारा शेवटचा शब्द आडनाव समजतो, आणि तिकिटावर वडिलांचं नाव आडनाव म्हणून येतं. शिवाय दत्तात्रय किंवा ज्ञानेश्वर या नावांची इंग्रजी स्पेलिंगं आधारवर एक, दाखल्यावर दुसरं. विमानतळावर पासपोर्ट आणि तिकीट जुळलं नाही तर सगळा गट मुलाकडे बघत उभा राहतो, आणि बुजऱ्या मुलाला नेमकं तेच नको असतं. त्यामुळे शाळेला नाव लिहून देऊ नका, पासपोर्टच्या पहिल्या पानाची स्पष्ट प्रत द्या आणि तिकीट हाती आल्यावर एकेक अक्षर ताडून पहा. दुरुस्ती लवकर केली तर फोनवर होते, उशिरा केली तर पैसे लागतात.

व्हिसा, संमतिपत्र, अरायव्हल कार्ड

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत निघतो आणि त्याचा अर्ज पोचण्याच्या तारखेच्या 30 दिवसांच्या आतच करता येतो. त्यामुळे शेवटच्या महिन्यापर्यंत व्हिसा हातात नसणं हे नेहमीचंच आहे, पालकांच्या गटात त्यावरून गदारोळ करायचं कारण नाही. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चकचकीत कागद नको, आणि गेल्या तीन महिन्यांतला. स्टुडिओत "सिंगापूर व्हिसा" एवढं सांगितलं की पुरतं. पासपोर्ट साइज म्हणालात तर निळ्या पडद्याचा फोटो हातात येण्याचा संभव आहे.

पालक बरोबर नसल्यामुळे दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ असावं. नाशिकमध्ये सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयाच्या परिसरात हे काम तासाभरात होतं. मजकूर इंग्रजीत हवा आणि त्यात मुलाचं नाव व पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, शाळेचं नाव, बरोबरच्या शिक्षकांची नावं व पासपोर्ट क्रमांक, दोन्ही पालकांचे फोन एवढं यावं. दोन प्रती करा, एक मुलाच्या फाइलमध्ये, एक शिक्षकांकडे. एकच पालक असेल तर त्याबाबतचा न्यायालयाचा किंवा मृत्यूच्या दाखल्याचा कागद सोबत जोडा.

एसजी अरायव्हल कार्ड हा सिंगापूरमध्ये प्रवेशासाठीचा ऑनलाइन फॉर्म पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत भरायचा असतो. तो सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं शोधयादीत वर दिसतात, ती टाळा. बहुतेक वेळा सहल कंपनीच सगळ्यांचे फॉर्म एकदम भरते, पण कोणता ईमेल दिला ते विचारून ठेवा. सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही, प्रवेशाची नोंद ईमेलवर येते.

तालीम

महिना-दीड महिना हाताशी असेल तर रविवारी थोडं थोडं करा. पहिल्या रविवारी सिटीलिंक बसने एकट्याने किंवा एका मित्राबरोबर नाशिकरोडपर्यंत जाऊन येणं : तिकीट स्वतः काढायचं, थांबा चुकला तर पुढच्यावर उतरून परत यायचं. दुसऱ्या रविवारी कॉलेज रोडवरच्या एखाद्या काउंटरवाल्या हॉटेलात ऑर्डर त्याने द्यायची, उरलेले पैसे मोजून घ्यायचे, आणि चुकीचा पदार्थ आला तर तो बदलूनही त्यानेच मागायचा. तुम्ही चार टेबलं सोडून बसा आणि त्याच्याकडे बघू नका. तुम्ही मध्ये पडलात की तालीम वाया गेली.

इंग्रजीसाठी क्लास लावायची गरज नाही. चार वाक्यं पुरतात, पण ती मोठ्याने म्हणून झालेली हवीत. "आय अॅम विथ अ स्कूल ग्रुप." "आय कान्ट फाइंड माय टीचर." "प्लीज से इट स्लोली." "इज देअर मीट ऑर फिश इन धिस?" मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य वेळेवर तोंडातून फुटत नाही. पंचवटीत, काळाराम मंदिराच्या आसपास बाहेरच्या राज्यांतले यात्रेकरू रोज रस्ता विचारत असतात, मराठी न येणारे. तिथे तासभर उभं राहून चार जणांना रामकुंडाचा रस्ता हिंदी-इंग्रजीत सांगितला की अनोळखी माणसाशी बोलण्याची गाठ बरीच सैल होते.

घराबाहेरची एक रात्र तरी आधी झालीच पाहिजे, शक्यतो दोन सलग. मावशीकडे चालेल, पण मावशीला बजावून ठेवा : ताट वाढून द्यायचं नाही, टॉवेल हातात द्यायचा नाही, पहाटे उठवायचं नाही. गजर त्याचा, अंथरुणाची घडी त्याची, चड्डी-बनियन धुऊन वाळत घालणंही त्याचंच. पहिल्या रात्री फोन करून "घ्यायला या" म्हणाला, तर रागावू नका आणि लगेच गाडीही काढू नका. "उद्या सकाळी बोलू" म्हणा. बहुतेक वेळा सकाळी विषय निघतच नाही.

एक सोपी पण विसरली जाणारी गोष्ट म्हणजे बूट. सहलीत दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. नवे बूट तीन आठवडे आधी घ्या आणि रोज शाळेत घालू द्या. सहलीच्या दिवशी खोक्यातून काढलेले बूट दुसऱ्या दुपारी टाच सोलतात, आणि मग मूल मागे मागे राहतं.

सामान

बॅग मुलाने भरायची. आई भरते तेव्हा सगळं नीट बसतं, आणि तिकडे मुलाला काहीच सापडत नाही. मध्यम आकाराची एक चाकांची बॅग आणि पाठीवरची एक सॅक, एवढंच. सहा दिवसांना सहा टी-शर्ट, तीन पँट, आतले कपडे आठ, रात्रीचे दोन जोड, सँडल, पातळ रेनकोट. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे. वर्षभर दमट उकाडा असतो, दुपारनंतर अचानक पाऊस कोसळतो, आणि दिवाळीनंतरच्या महिन्यांत तो जास्तच. नाशिकच्या थंडीतली जाडजूड जॅकेटं घरीच ठेवा, मात्र विमानात आणि मॉलमध्ये एसी कडक असतो, म्हणून एक हलका स्वेटर सॅकमध्ये असू द्या. तिथले सॉकेट तीन चौकोनी पिनांचे आहेत, आपला प्लग बसत नाही, अॅडॉप्टर इथूनच न्या.

सॅकमध्ये काय : कागदपत्रांची फाइल, एक पूर्ण कपड्यांचा जोड (बॅग उशिरा आली तर), औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, पेन, रिकामी पाण्याची बाटली, टिश्यूचं पाकीट. मुलींनी सॅनिटरी पॅड सॅकमध्येच ठेवावेत. तारीख जवळ नसली तरीही, कारण प्रवासाच्या दगदगीत ती पुढेमागे होते. पॉवर बँक सॅकमध्येच, मोठ्या बॅगेत चालत नाही. 20,000 एमएएचपर्यंतची नेली तर मर्यादेचा प्रश्न येत नाही. विमानात ती वापरायला काही कंपन्यांची मनाई आहे. द्रवपदार्थ सॅकमध्ये नेले तर प्रत्येकी 100 मिलिलिटरच्या आत आणि सगळे मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत, त्यापेक्षा शाम्पू-तेल मोठ्या बॅगेत टाकून मोकळे व्हा.

पैसे सिंगापूर डॉलरमध्ये, 2, 5 आणि 10 च्या नोटा. जेवणखाण सहलीतच असेल तर दिवसाला दहा-पंधरा डॉलर पुष्कळ झाले. नाशिकमधल्या बँकेतून किंवा अधिकृत चलन बदलणाऱ्याकडून आधीच घ्या, विमानतळावर भाव कमी मिळतो. सगळे पैसे एकाच पाकिटात ठेवू नयेत. रोजच्या खर्चाची पाकिटं करून त्यावर वार लिहिला तर पहिल्याच दिवशी खेळण्यावर सगळे उडत नाहीत.

फराळाच्या डब्यातली खसखस

दिवाळीच्या सुट्टीत सहल असली की आजी डबा भरून देते, आणि अडचण नेमकी तिथे होते. सिंगापूरमध्ये खसखस निषिद्ध मालात मोडते, दुबईतही तीच गत आहे. खसखस अफूच्या बोंडातून येते म्हणून. आपल्या घरी ती कुठे कुठे असते आठवा : अनारशाची एक बाजू खसखशीने माखलेली, करंजीच्या सारणात भाजून कुटलेली, काही घरांत पातळ पोह्यांच्या चिवड्यात, आणि कालवणासाठी बांधून दिलेल्या मसाल्यातही. अनारसे, करंज्या सरळ वगळा. चिवडा द्यायचा तर खसखशीवाचून वेगळा करा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही देऊ नका, त्यात तेल असल्याने त्या पेट घेऊ शकतात आणि विमानाच्या सामानात घेत नाहीत. लोणचं, तूप सॅकमध्ये तपासणीत अडतं, आणि मोठ्या बॅगेत फुटलं तर सहा दिवस सगळ्या कपड्यांना वास. मांसाचा कोणताही पदार्थ नको.

काय चालतं? तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरड्या दशम्या, खाकरे, शेंगदाण्याची चिक्की. सगळं मिळून अर्धा-पाऊण किलो. पुऱ्या-दशम्या पहिल्या दोन दिवसांत संपवायच्या, दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी धरते.

च्युइंगम सिंगापूरमध्ये आणायलाच बंदी आहे, 1992 पासून. कान दुखतात म्हणून मुलांच्या खिशात ते देणारे पालक असतात, त्याऐवजी लिमलेटच्या गोळ्या द्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही परस्पर देऊ नका.

नाशिक ते मुंबई विमानतळ

अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, आणि घाटात ओकणाऱ्या मुलांची मोठी सोय झाली. वेळ मात्र अजूनही भिवंडी ते ठाणे या पट्ट्यातच जातो. विमान रात्री साडेअकराचं असेल तर विमानतळावर साडेआठला पोचायचं, आणि त्यासाठी नाशिकहून दुपारी दोनला बस हलली पाहिजे. शाळेने चारची वेळ दिली असेल तर पालकांनी मिळून आधी हरकत घ्यावी. बस लागणाऱ्या मुलाने निघण्याआधी कोरडं काहीतरी खावं, रिकामं पोट जास्त ढवळतं. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि तीच गोळी मावशीकडे जाताना एकदा देऊन बघितलेली असावी, काही मुलांना तिने फार गुंगी येते.

इथून पुढचं मुलाने स्वतः वाचायचं

विमानतळावर चार रांगा असतात : बॅग देण्याची, इमिग्रेशनची, सुरक्षा तपासणीची आणि विमानात चढण्याची. इमिग्रेशनला प्रत्येकजण एकेकटा काउंटरवर जातो. अधिकारी विचारतात कुठे जातोस, कुणाबरोबर, किती दिवस. "सिंगापूर, स्कूल ट्रिप, सिक्स डेज" एवढं उत्तर पुरे. हिंदीत किंवा मराठीत बोललं तरी चालतं. ते हसत नाहीत, कारण ते कुणाशीच फारसं हसत नाहीत.

सुरक्षा तपासणीला फोन, पॉवर बँक, पट्टा ट्रेमध्ये ठेव. बाटली आधीच रिकामी कर, पलीकडे पुन्हा भरता येते. लहानशा ओट्यावर उभं राहून हात पसरायचे, यंत्र अंगावरून फिरवतात, मधेच वाजतं. पँटच्या धातूच्या बटणानेही वाजतं. मुलींची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारी करतात.

विमान वर चढताना आणि त्याहून जास्त उतरताना कानाला दडे बसतात. लिमलेटची गोळी चघळ, आवंढा गिळ, जांभई दे. विमान उतरायला लागलं की झोपून राहू नकोस, झोपेत आपण कमी गिळतो आणि कान जास्त ठणकतो. संडासाचं दार कडी लावल्यावरच आतला दिवा पूर्ण लागतो. फ्लशचा आवाज दचकवणारा असतो, हवेने ओढून घेतं म्हणून, बिघडलेलं काही नसतं. शाकाहारी जेवण आधी नोंदवलेलं असेल तर तुझं ताट सगळ्यांच्या आधी येतं, मागितल्याशिवाय का दिलं म्हणून परत करू नकोस.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर इमिग्रेशनला बहुधा यंत्राचं फाटक असतं. पासपोर्ट ठेवायचा, पहिलं फाटक उघडलं की आत जायचं, समोरच्या कॅमेऱ्याकडे बघायचं, चष्मा काढायचा, दुसरं फाटक उघडतं. नाही उघडलं तर? बऱ्याच जणांचं नाही उघडत. बाजूचा कर्मचारी हाताने खूण करून माणूस असलेल्या काउंटरकडे पाठवतो, तिथे काम होतं. पलीकडे गेल्यावर पासपोर्ट शिक्षकांकडे दे, आणि त्याची झेरॉक्स तुझ्याकडे राहू दे. घड्याळ अडीच तास पुढे कर.

आता हॉटेलची खोली. दार बंद झालं की आपोआप कुलूप लागतं. रात्री गंमत बघायला बाहेर डोकावलास आणि दार मिटलं, तर कार्ड आत आणि तू बनियनवर बाहेर. हे प्रत्येक सहलीत कुणाचं तरी होतंच. बाहेर पाऊल टाकण्याआधी कार्ड हातात, ही सवय पहिल्या मिनिटापासून लाव. झालंच तर जिन्याने भटकू नकोस, शिक्षकांच्या खोलीवर जा किंवा खाली रिसेप्शनला सांग. आत गेल्यावर तेच कार्ड दाराजवळच्या खाचेत खोचल्याशिवाय दिवे-एसी चालू होत नाहीत. न्हाणीत टब असेल तर पडदा टबाच्या आत सोडून मग शॉवर सुरू कर, नाहीतर सगळी फरशी तळं होते. नळ एकच असतो, डावीउजवीकडे फिरवून गरम-गार. आधी हातावर घेऊन बघ. संडासात जेट नसेल तर रिकामी पाण्याची बाटली भरून आत ने, टिश्यूपेक्षा ते बरं. छोट्या फ्रिजमधल्या गोष्टी फुकट नसतात. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, विकत घेऊ नकोस.

जेवणाबद्दल एकच सावधगिरी. "व्हेज" असं लिहिलेल्या भाजीतही ऑयस्टर सॉस किंवा सुक्या कोळंबीची चटणी असू शकते, कारण तिकडे ती चव म्हणून घालतात. म्हणून "मीट ऑर फिश?" एवढ्यावर न थांबता "सॉस?" हेही विचार. सकाळच्या नाश्त्याला पोटभर खा, तिथे ब्रेड, फळं, दूध, कॉर्नफ्लेक्स हमखास मिळतात, आणि दुपारचं नाही आवडलं तरी निभावतं. खाद्यबाजारात टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरली आहे, हलवू नकोस. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो. एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो, तीत खाणंपिणं चालत नाही, पाण्याचा घोटही नाही. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं.

मागे राहण्याचं काय? त्याचा नियम ठरलेला असतो, फक्त तो माहीत हवा. सगळे गाडीत चढले आणि दार तुझ्यासमोर बंद झालं, तर तिथेच, त्याच फलाटावर उभं राहा. शिक्षक पुढच्या स्टेशनवरून परत येतात. तू एकटाच चढलास आणि बाकीचे खाली राहिले, तर पुढच्याच स्टेशनवर उतर आणि तिथेच थांब. दुसरी गाडी पकडून शोधत फिरलास की दोघंही एकमेकांना शोधत राहता. मॉलमध्ये चुकलास तर शेवटचे सगळे एकत्र दिसले होते त्या जागी जा. दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर गणवेशातल्या कर्मचाऱ्याला गाठ आणि ते पाठ केलेलं वाक्य म्हण : "आय कान्ट फाइंड माय टीचर." हॉटेलचं कार्ड आणि दोन शिक्षकांचे नंबर कागदावर, खिशात, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. पोलिसांचा नंबर तिथे 999, रुग्णवाहिकेचा 995.

पहिली किंवा दुसरी रात्र जड जाते. दिवसभर काही वाटत नाही, दिवा मालवल्यावर पोटात कालवतं. शेजारच्यालाही तेच होत असतं, फक्त तो मोठ्याने जोक मारत असतो. पाणी पी, उद्याचे कपडे काढून ठेव, सोबत्याला सकाळी किती वाजता उठायचं ते विचार. बोलणं सुरू व्हायला एवढं पुरतं. फारच कसंतरी झालं तर शिक्षकांचं दार वाजव, त्यासाठीच ते त्या मजल्यावर असतात.

फोन, पुन्हा पालकांसाठी

दिवसातून एक फोन, ठरलेल्या वेळी. तिथले रात्रीचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, ही वेळ चांगली, कारण झोपायच्या अगदी आधी आईचा आवाज ऐकला की सगळं पुन्हा उफाळून येतं. "जेवलास का, बरं आहे ना, करमतंय ना" या प्रश्नांना बुजरं मूल "हं" म्हणतं आणि मग रडतं. "आज वाघ दिसला का, कुठल्या रंगाची मेट्रो लाइन होती" असं विचारा. ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर तासभर थांबा, बस वाटेत असते. तरी नाही आला तर एकाच पालकाने शिक्षकांना एकच मेसेज टाकावा. चाळीस घरांतून चाळीस फोन गेले की शिक्षक मुलं मोजायची सोडून पालकांना उत्तरं देत बसतात. गटावर आलेल्या फोटोत तुमचं मूल दिसत नसेल तर बहुधा ते फोटो काढणाऱ्याच्या मागे उभं असतं.

"नाही करमलं तर आम्ही येऊन घेऊन जाऊ" असं वचन निघण्याआधी कधीही देऊ नका. ते पाळता येत नाही, आणि दिलं की मूल पहिल्या रात्रीपासून त्याचीच वाट बघतं.

परतीच्या दिवशी विमान उतरल्यापासून मुलं बॅगा घेऊन बसमध्ये बसेपर्यंत दीड-दोन तास जातात, पुढे नाशिकपर्यंत चार-पाच तास. विमान उतरल्याचा मेसेज आला म्हणून शाळेच्या फाटकाशी जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. बस इगतपुरी सोडल्याचा निरोप आला की निघा, बसच्या आधी पोचता.